लगाम आणि ढील

वाचकहो, शेतावरच्या विहिरीसाठी पंप घ्यावयाचा झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती हॉर्सपॉवरचा घेणार?" तीनचा, पाचचा, साडेसातचा, असे काहीतरी उत्तर येते आणि विचारणाऱ्याचे समाधान होते. या हिशेबातला घोडा कोण, तो कोठला आणि त्याने आपली शक्ती माणसाच्या हवाली कशी केली, हे सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या या मासिकाच्या मराठी अंकासाठी शेतीविषयक लेखांचे अनुवाद करणे हे माझे नित्याचे काम आहे. 'अश्वशक्ती' हा शब्द मी आजवर किती वेळा लिहिला असेल त्याची गणती नाही. परंतु त्या शब्दाने मला प्रत्यक्ष घोड्याची आठवण एकदाही करून दिली नव्हती.

वास्तविक त्या शब्दाचा जन्मच घोड्याच्या कष्टांतून झालेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉटला आपले वाफेचे इंजिन विकावयाचे होते. गिऱ्हाईक विचारी, "हे यंत्र माझे किती घोडे वाचवील?" तेव्हा वॉटने गिरणीचे चाक फिरविणाऱ्या घोड्यांच्या कामाचा हिशेब मांडला आणि असे ठरविले की, एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट वर उचलणे म्हणजे एका घोड्याची शक्ती. आजच्या मापात ती ७४६ वॉट भरते. पुढे गिरण्यांतून घोडे गेले, रस्त्यांवरून गेले, शेतांतूनही गेले. मापाला मात्र त्यांचे नाव राहिले.

ओझे ओढणाऱ्या अशा घोड्यांच्या सहवासात एक संपूर्ण दिवस घालविण्याचा योग मला २०२५ च्या जानेवारीत आला. त्या दिवसाची हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

माझी थोरली बहीण कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, वॉटर्लू विभागातील एल्मायरा गावाजवळ राहते. या भागात जुन्या वळणाच्या मेनोनाइट पंथाच्या लोकांची वस्ती आहे आणि ते आजही काळ्या रंगाच्या घोडागाडीतून बाजाराला येतात. मोटारींच्या रांगेत एखादी बग्गी शांतपणे उभी आहे, हे दृश्य तेथे कोणालाच नवे वाटत नाही. ताईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एका वृद्ध बाईंचे शेत आहे. त्या मेनोनाइट नव्हेत. पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या. वय अडुसष्ट. घरात त्या आणि त्यांची विशीतली नात, तबेल्यात दोन घोड्या आणि मागे मेपल वृक्षांचे रान, एवढा त्यांचा संसार.

मेपलचे रान हे त्या घोड्यांचे कामाचे ठिकाण. मार्च महिन्यात रात्री गोठतात आणि दिवसा बर्फ वितळू लागतो, तेव्हा मेपलच्या खोडात रस चढू लागतो. खोडाला लहानसे भोक पाडून तेथे बादली टांगावयाची आणि थेंबथेंब गळणारा रस गोळा करावयाचा. तो आटवून मधासारखा पाक होतो. एक लिटर पाकासाठी सुमारे चाळीस लिटर रस लागतो. म्हणजे किती ओझे वाहावे लागत असेल याची कल्पना तुम्हांला येईल. बहुतेक मोठ्या शेतांवर हल्ली प्लॅस्टिकच्या नळ्यांतून रस खाली आणतात. बाईंनी मात्र घोडीने ओढावयाची लाकडी घसरगाडी सोडलेली नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी ओली जमीन घट्ट दबते आणि झाडांची मुळे दुखावतात. घोडी दोन झाडांमधून अलगद वाट काढते, असे त्यांचे म्हणणे.

रानाच्या मध्यातून एक लहानसा ओढा जातो आणि त्यावर फळ्यांचा एक पूल आहे. बाईंची दोन तृतीयांश झाडे या पुलापलीकडे आहेत. धाकट्या घोडीने तो पूल तोवर एकदाही ओलांडला नव्हता.

आता या दोघींची ओळख करून देते. थोरलीचे नाव रूबी, वय सतरा. धाकटीचे टिली, वय पाच. दोघीही पर्शरॉन जातीच्या. वायव्य फ्रान्समधील पर्श हा या जातीचा मूळ प्रदेश. पॅरिसच्या रस्त्यांवर जड ऑम्निबस ओढणारे घोडे प्रामुख्याने याच जातीचे होते आणि तेथील शेवटची घोड्यांची ऑम्निबस १९१३ साली बंद झाली. आपल्या मुंबईत १८७४ साली ट्राम सुरू झाली, तीही घोडेच ओढीत असत, हे या ठिकाणी आठवते. पर्शरॉनमध्ये काळा आणि करडा हे दोन रंग मुख्य. करड्या रंगाचे शिंगरू जन्मतः काळेभोर असते आणि वयाबरोबर उजळत जाते. त्यामुळे रूबी जवळजवळ पांढरी झालेली आणि टिली ढगाळ आभाळासारखी, अशी ती जोडी दिसे. भीमथडीच्या तट्टांच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या माझ्यासारखीला रूबीजवळ उभे राहणे म्हणजे भिंतीजवळ उभे राहण्यासारखे होते. तिची खांद्याजवळची उंची सतरा हात. घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा, म्हणजे अडुसष्ट इंच झाले; माझी स्वतःची उंची त्याहून सात इंचांनी कमी. वजन साडेआठशे किलो.

ताईचे बूट, भाऊजींचा जाड कोट आणि कान झाकणारी लोकरी टोपी अशा अवतारात मी सकाळी साडेसहाला तबेल्यात पोचले, तेव्हा बाहेर उणे अठरा अंश तापमान होते. दिल्लीच्या थंडीची मला सवय आहे. पण ही थंडी वेगळ्या जातीची. श्वास घेताच नाकाच्या आत चुरचुरते आणि पायाखालचे हिम करकर वाजते. तबेल्यात ऊब आणण्याची कोणतीही सोय दिसेना. मी तसे विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "त्यांची शेगडी त्यांच्या पोटात आहे." ते खरेच आहे. वाळलेले गवत घोड्याच्या मोठ्या आतड्यात आंबते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. म्हणून थंडी वाढली की दाण्याची चंदी न वाढविता गवत वाढवावयाचे, असा तेथील रिवाज आहे.

बाईंनी दिवसाचे पहिले काम केले ते पाण्याची टाकी पाहण्याचे. पाणी गोठू नये म्हणून तिच्यात विजेची कांडी सोडलेली होती. मोठ्या घोडीला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागते. हिवाळ्यात पाणी बर्फासारखे झाले की घोडा ते कमी पितो, कोरडा चारा आतड्यात अडकतो आणि पोटशुळाने जनावर दगावते. टाकीतले पाणी रात्रीतून किती उतरले आणि लीद ओलसर आहे की नाही, एवढे पाहून मगच त्या मला "सुप्रभात" म्हणाल्या.

माझ्याकडे खराऱ्याचे काम आले. हा शब्द मी शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता. हातात खरारा धरण्याचा प्रसंग मात्र प्रथमच येत होता. थंडीत घोड्याचे केस लांब होतात आणि उभे राहून आपल्यात हवा धरून ठेवतात. तीच त्यांची रजई. तेव्हा फार रगडावयाचे नाही, साज जेथे टेकणार तेवढी जागा स्वच्छ करावयाची. बाई मात्र काखेत काहीतरी जपून धरून उभ्या होत्या. ती लगामाची लोखंडी कडी होती. रात्री ती त्या घरात नेऊन ठेवीत आणि सकाळी कोटाच्या आत धरून आणीत. कारण गोठलेले लोखंड जिभेला लागले की जीभ त्याला चिकटते. "एकदा जरी तोंड पोळले, तरी महिनाभर ती लगाम घेताना मान वर करील," त्या म्हणाल्या, "आणि दोष आपण तिला देऊ."

मग साज. गवत भरलेले चामड्याचे एक जाड कडे घोडीच्या गळ्यात घालतात, त्याला कॉलर म्हणतात. कॉलर आणि गळा यांच्यामध्ये तळहात सहज शिरला पाहिजे, नाहीतर श्वासनलिका दाबली जाते. आपण म्हणतो घोडा ओझे ओढतो. पण नीट पाहिले तर तो खांद्यांनी कॉलर पुढे ढकलीत असतो आणि ओझे साखळ्यांनी मागून येते. दिवसभर न थकता घोडा आपल्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतकी ओढ देऊ शकतो, असा जुन्या गाडीवानांचा आडाखा आहे. गोठलेल्या जमिनीवर लाकूड सहज घसरते. म्हणूनच कॅनडाच्या जंगलांत लाकूडतोडीचा हंगाम पूर्वी हिवाळ्यातच असे.

टिलीला दोन लांब लगाम लावून अंगणात आणण्यात आले. बाई तिच्या मागे, जरा बाजूला चालत होत्या. नात तिच्या डोक्याजवळ होती. उजवीकडे वळावयाचे असले की तेथे "जी" म्हणतात आणि डावीकडे असले की "हॉ". दिल्लीच्या कचेरीत दिवसभर "जी, जी" करीत बसणाऱ्या मला या शब्दावर उजवीकडे वळणारी घोडी पाहून हसू आवरेना. थांबविण्याचा शब्द "व्हो". हा मात्र परका वाटला नाही. माझ्या आजोळी बैल थांबविताना "हो… हो…" असेच म्हणत.

या शिकवणीचे मर्म काय ते मला पहिल्या पंधरा मिनिटांतच दिसले. बाई उजवा लगाम किंचित ताणीत. तो ताण म्हणजे जणू एक प्रश्न. टिली गोंधळे, डोके वर करी, मग एक पाऊल उजवीकडे टाकी. आणि ते पाऊल जमिनीला टेकण्यापूर्वीच बाईंच्या हाताची ढील पडलेली असे. पतंग उडविणाऱ्या मुलाला आपण "ढील दे, ढील दे" म्हणून ओरडतो ना, तीच ही ढील. बाई म्हणाल्या, "ताणाने ती शिकत नाही. ताण सुटला की तिला कळते, आपले उत्तर बरोबर आले. मी सोडावयास एक क्षण उशीर केला, तर बरोबर उत्तराबद्दल तिला शिक्षाच झाली." साडेआठशे किलोचे जनावर जोराने कधीच थांबविता येणार नाही, हे उघड आहे. रस्सीखेच सुरू झाली की माणूस हरलाच. म्हणून रस्सीखेच होऊच द्यावयाची नाही.

माझ्या वाट्याला आलेले काम असे: एक लोखंडी साखळी हिमावरून खळखळ वाजवीत टिलीच्या पुढून ओढीत न्यावयाची. तिला मागे का लावत नाही, असे मी विचारले. जी वस्तू आपल्यापासून दूर पळते तिचे घोड्याला भय वाटत नाही, उलट तो कुतूहलाने तिच्या मागे येतो. पुढून झाल्यावर साखळी बाजूने ओढली. मग मागून. शेवटी एक मध्यम लाकडाचा ओंडका तिच्या साजाला जोडण्यात आला. दोन नियम मला तीनतीनदा बजावण्यात आले होते: घोडी आणि ओंडका यांच्या मधल्या जागेत पाऊल टाकावयाचे नाही आणि लगाम हाताला कधीही गुंडाळावयाचा नाही.

दहाच्या सुमारास चांगले ऊन पडले. ओंडका ओढीत टिली तबेल्याच्या भिंतीजवळून जात होती. तोच छपराच्या पत्र्यावर साचलेला हिमाचा थर उन्हाने सुटला आणि मोठ्या घरघराटाने तिच्या मागेच कोसळला. टिलीने उडी घेतली. ओंडका उसळला, साखळ्या खणाणल्या, हिमाचा धुरळा उडाला आणि क्षणभर मला काहीच दिसेना. मी अंगणाच्या कडेला सुरक्षित उभी होते, तरी माझ्या घशाला कोरड पडली. बाईंनी ना आरडाओरडा केला, ना पाय रोवून लगाम खेचले. त्या तिच्याबरोबर चार पावले धावल्या, लगाम धरले, किंचित सोडले, पुन्हा धरले आणि नेहमीच्याच खालच्या आवाजात "व्हो" म्हणाल्या. तिसऱ्या उडीनंतर टिली थांबली. तिचे सर्वांग थरथरत होते. ती थांबली मात्र, लगाम सैल पडले.

त्यानंतर बराच वेळ कोणी काही केले नाही. थोपटणे नाही, समजूत घालणे नाही. टिलीने हळूहळू मान खाली घेतली, ओठ चाटले, लांब श्वास सोडला. मग बाईंनी तोच ओंडका, त्याच भिंतीजवळून, तिच्याकडून आणखी दोनदा ओढवून घेतला आणि लगेच साज उतरविला. मला वाटत होते, सकाळ अजून बाकी आहे. पण चांगले पाऊल पडल्यावर तेथेच थांबावयाचे, असा त्यांचा शिरस्ता. अंगाचा घाम पूर्ण सुकेपर्यंत नातीने तिला फिरविले. ओले अंग घेऊन त्या थंडीत उभे राहणे घोड्याला फार धोक्याचे असते.

दुपारी ताईने डब्यातून थालीपिठे पाठविली होती. नातीने त्यांवर खुशाल मेपलचा पाक ओतला आणि दोन थालीपिठे संपविली. लोण्याच्या जागी पाक, ही कल्पना तुम्हांला विचित्र वाटेल. मलाही वाटली, परंतु चव वाईट नव्हती. जेवताना मी बाईंना विचारले, "या वयात नवी घोडी शिकविण्याचा खटाटोप कशासाठी? रूबी आहेच की."

त्यांनी सांगितले ते असे. टिली त्यांनी दोन वर्षांपूर्वी जनावरांच्या लिलावात घेतली. ती तेव्हा तीन वर्षांची, तगडी आणि पूर्ण अशिक्षित. अशा घोडीवर बोली लावणारे बहुधा मांसाचे व्यापारी असतात. कॅनडातून जड जातीचे जिवंत घोडे विमानाने जपानला मांसासाठी पाठविले जात आले आहेत. हे थांबविणारे एक विधेयक २०२४ च्या मे महिन्यात तेथील कनिष्ठ सभागृहाने संमत केले. ते वरिष्ठ सभागृहापुढे पडून होते आणि पुढे २०२५ च्या मार्चमध्ये संसद विसर्जित झाल्यावर बारगळले. "कायदा होईल तेव्हा होवो," बाई म्हणाल्या. "माझे वय अडुसष्ट. मी काही टिलीला आयुष्यभर पुरणार नाही. घोडी तिशीपर्यंत जगू शकते. मी गेल्यावर ही ज्याच्या दारात जाईल, त्याला विचारावेसे वाटेल, हिला काय येते? गाडी ओढते, माणूस पाठीवर घेते, पूल ओलांडते, असे उत्तर देता आले तर हिला घर मिळेल. नाहीतर वजनाने किंमत होईल."

नात ताटलीतला पाक बोटाने पुसून घेत होती. तिने मान वर केली नाही. मला आमची आजी आठवली. तिने पाचही नातींना शिवणयंत्र चालविणे, हिशेब लिहिणे आणि बँकेत एकटीने जाणे शिकविले होते आणि त्या वेळी तिच्या बोलण्यातही हाच सूर असे. परंतु बाईंपुढे मी हे बोलले नाही. त्यांच्या शेवटच्या वाक्यानंतर दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगण्याची ती वेळ नव्हती.

तीनच्या सुमारास दिवसाचे खरे काम सुरू झाले. टिलीच्या पाठीवर नात यापूर्वी दोनदाच बसली होती, तीही कुंपणाच्या आत. आज तिला रानात न्यावयाचे होते. अशा पहिल्या रपेटीसाठी खोल हिमासारखी दुसरी जागा नाही. गुडघाभर हिमात घोडीला उधळता येत नाही आणि स्वार पडलाच तर खाली गादी असते. मी रूबीवर बसून पुढे व्हावयाचे, टिलीने तिचे पाहून मागे यावयाचे आणि बाईंनी टिलीच्या खांद्याशी चालावयाचे, असा बेत ठरला. घोडेस्वारीचा माझा अनुभव माथेरानच्या सुट्टीतल्या तट्टापुरता. पण बाई म्हणाल्या, "स्वारी तुम्हांला करावयाचीच नाही. स्वारी रूबी करील. तुम्ही फक्त घाबरू नका. तुम्ही घाबरलात की ती ओळखील आणि तिच्याकडे पाहून टिलीही."

गवताच्या गाडीवर उभी राहून मी रूबीच्या पाठीवर चढले. खोगीर नव्हते, एवढ्या रुंद पाठीला ते सहसा बसत नाही. नमद्याची एक जाड घडी आणि एक पट्टा, बस्स. मांड ठोकणे हा शब्दप्रयोग ज्याने रूढ केला त्याने पर्शरॉन घोडी पाहिलेली नसावी. पलंगाच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून बसावे तसे माझे झाले. परंतु त्या पाठीतून वर येणारी ऊब काही निमिषांतच माझ्या पायांपर्यंत पोचली आणि दिवसभरात प्रथमच मला थंडीचा विसर पडला. "घट्ट बसू नका, जड बसा," बाईंनी सांगितले. मी श्वास सोडला, खांदे सैल केले आणि रूबी चालू लागली. तिच्या चालीत घाई नव्हती. नाकपुड्यांतून वाफेचे लोट निघत होते आणि मिशांच्या केसांवर दंव गोठून पांढरे झाले होते.

ओढ्यावरच्या पुलाशी रूबी आपणहून थांबली, एकदा फळ्या हुंगल्या आणि खडखड आवाज करीत पलीकडे गेली. मी तिला वळवून उभी केली. टिली अलीकडे थांबली. पुढचे पाय रोवलेले, कान पुलाकडे लागलेले. फळ्यांवरचे हिम वाऱ्याने उडून गेले होते आणि त्यांच्या फटींतून खालचे काळे पाणी दिसत होते. नातीने टाच लावली नाही. लगाम सैल सोडून ती स्वस्थ बसली. बाईही स्वस्थ उभ्या राहिल्या.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. सात-आठ मिनिटे तरी असावीत. त्या थंडीत ती फार लांब वाटली. रूबीला घेऊन परत अलीकडे यावे का, असे मी खुणेने विचारले. बाईंनी मानेनेच नको म्हटले. मला महाभारतातला नळ आठवला. ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन त्याने रथ हाकला आणि आपली अश्वविद्या देऊन राजाकडून द्यूतविद्या घेतली. त्या विद्येचे नाव 'अश्वहृदय' आहे. अनुवादक म्हणून मी या शब्दावरून अनेकदा सहज पुढे गेले असेन. घोडा चालविण्याच्या विद्येला कोणी अश्वबल म्हटले नाही, अश्वहृदय म्हटले, हे त्या पुलाशी बसले असताना मला नव्याने उमगले.

टिली मागे सरली, पुन्हा पुढे आली. तिने मान लांब करून पहिली फळी हुंगली, एक पाय तिच्यावर ठेवला, आवाज होताच काढून घेतला. नातीने तिच्या मानेवरून हात फिरविला, एवढेच. दुसऱ्या खेपेला पाय ठेवला तो राहिला. मग दुसरा पाय. मग एकदम, घाईघाईने, सगळा पूल दणदणवीत ती पलीकडे आली आणि रूबीच्या खांद्यात नाक खुपसून उभी राहिली. नात हसत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. थंडीमुळे, असे ती नंतर म्हणाली. बाईंनी हातमोज्याने स्वतःचे नाक पुसले आणि म्हणाल्या, "परत जाताना पुन्हा तोच पूल आहे." परतीच्या वेळी टिली दोन मिनिटे थांबली. तेवढाच काय तो त्या दिवसाचा लाभ.

अंधार पडण्यापूर्वी आम्ही तबेल्यात आलो. खुरांत बसलेले बर्फाचे गोळे काढणे, पाठी पुसणे, गवत टाकणे, पाण्याची कांडी चालू आहे ना ते पाहणे, अशी कामे उरकता उरकता सहा वाजले. लगामाची कडी काढून बाईंनी ती कोटाच्या खिशात टाकली.

वाचकहो, या दिवसातून तुम्ही-आम्ही काय घ्यावे? अमेरिकेत १९१५ च्या सुमारास घोडे आणि खेचरे मिळून अडीच कोटींहून अधिक जनावरे होती. १९६० पर्यंत ती सुमारे तीस लाखांवर आली. जे काम गेले त्याबरोबर ती जनावरेही गेली. आपल्याकडेही हे घडत आलेच आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर असल्याचा निर्णय २०१५ साली उच्च न्यायालयाने दिला. त्या घोड्यांच्या हालांचा विचार करता तो योग्यच म्हणावा लागेल. परंतु काम सुटलेल्या जनावराचे पुढे काय होते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. इंदूर-बडोद्याकडे असोत की बेळगाव-नांदेडकडे, तुमच्यापैकी कित्येकांच्या गोठ्यात बैल असतील, दारात कोणाचा टांगा उभा असेल. पोळ्याच्या दिवशी आपण बैलाच्या शिंगांना रंग देतो आणि पुरणपोळी खाऊ घालतो. उरलेले दिवस त्याच्या तोंडातले, मानेवरचे, पायाखालचे काय आहे ते पाहण्याचे असतात. आणि दावणीला नवे खोंड आले असेल, तर त्याला शिकविणाऱ्याच्या हातात कासरा जितका असेल तितकी ढीलही असावी. ज्या घरात लहान मुले आहेत, त्यांना मी याहून अधिक काही सांगावयास नको.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ताईचा निरोप आला. रस चढू लागला होता. पहिले दोन दिवस रूबी घसरगाडीला होती, तिसऱ्या दिवशी टिलीला जोडले. पुलावर ती क्षणभर थांबते, मग जाते. बादली टांगलेल्या झाडापाशी मात्र ती आता कोणी न सांगताच उभी राहते. आणि बादल्या रिकाम्या करून बाई गाडीशी परत आल्या की मागे वळून पाहते, पुढे जायचे का म्हणून.